कुकीचा दगड नेमका कधी झाला?

आमच्याकडे सकाळी लोकल पकडायची असते, त्यामुळे न्याहारी घरात बसून होतच नाही. पोहे-उपमा रविवारपुरते उरले आणि बाकीचे सहा दिवस डब्यात नाचणी, डाळं, शेंगदाणे घातलेल्या प्रोटीन कुकीज जायला लागल्या. पहिल्या घाण्याचं घरभर कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ गप्प बसले, मग कवळी काढून वाटीत ठेवली आणि कुकी चहात बुडवून चोखत खाल्ली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "यापेक्षा चिक्की बरी. तिचं नाव तरी खरं असतं."

त्यानंतर मी जे जे सुचेल ते केलं. भाजायची वेळ कमी केली. तूप वाढवलं. गुळाऐवजी मध घातला. रविवारी कुकी मऊ, सोमवारी घट्ट, मंगळवारी दगड, हे काही बदललं नाही. बदल लागू पडत नव्हते, कारण मी एकाच वेळी तीन वेगवेगळ्या रोगांवर एकच औषध देत होते. "कुकी कडक का होते" असं विचारत राहिलं तर उत्तर सापडत नाही. ती कडक कधी झाली, हे आधी बघायचं. ओव्हनमधून निघतानाच कडक होती का? निघताना मऊ होती आणि तासाभरात कडक झाली का? की पहिला दिवस चांगला गेला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घात झाला? तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी माझं प्रमाण सांगते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. पंढरपुरी डाळ्याचं पीठ १०० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट ८० ग्रॅम, नाचणीचं पीठ ६० ग्रॅम, रोल्ड ओट्स ६० ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर ४० ग्रॅम, तीळ २० ग्रॅम, किसलेला गूळ ११० ग्रॅम, पातळ केलेलं तूप ७० ग्रॅम, १ अंडं, ८० मिली कोमट पाणी, १ लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा मीठ, वेलची आणि जायफळ. सगळं मिळून साधारण ६७० ग्रॅम भरतं. त्याचे १६ गोळे करायचे, एकेक ४२ ग्रॅमचा. थापून १ सेंटीमीटर जाड करायचे आणि १६० अंशांवर १४ ते १६ मिनिटं भाजायचे.

हे सगळं ग्रॅममध्ये दिलं, कारण वाटी दगा देते. माझ्याच एका वाटीत डाळ्याचं पीठ अलगद भरलं तर ९२ ग्रॅम बसलं, दाबून भरलं तर १२४. साध्या केकमध्ये एवढा फरक कदाचित खपून जाईल. या कुकीत ते ३२ ग्रॅम पीठ स्वतःच्या वाट्याचं पाणी मागतं आणि ते मिळालं नाही तर बाकीच्यांचं ओढून घेतं. पाचशे रुपयांच्या आत मिळणारा वजनकाटा घ्या आणि मगच पुढचं वाचा, असं मी म्हणणार नाही. पण तो नसेल तर चूक कुठे झाली ते शोधणं फार अवघड जातं.

तासाभरात कडक: गुळाकडे बघा

ओव्हनमधून काढताना कुकी बोटाने दाबली जाते, ताटलीत गार होईपर्यंत कडकडीत होते आणि मोडताना कट्ट आवाज येतो. हे पिठाचं काम नाही, गुळाचं आहे. बाजारात साधा गूळ असतो आणि चिक्कीचा गूळ असतो. चिक्कीचा गूळ चिकट असतो, त्याचा पाक गार झाला की कुरकुरीत बसतो; त्याच्याकडून आपल्याला तेच हवं असतं, फक्त चिक्कीत. संक्रांतीनंतर डब्यात उरलेला अर्धा किलो चिक्कीचा गूळ मी "वाया कशाला घालवा" म्हणून कुकीत घातला होता. सासूबाईंचं वाक्य त्या अर्थाने तंतोतंत बरोबर होतं.

दुसरी चूक म्हणजे गूळ गॅसवर पातळ करणं. गूळ विरघळवायला ठेवला की आपल्या हाताला सवय लाडवाची, त्यामुळे बुडबुडे येईपर्यंत थांबायचा मोह होतो. तोवर त्यातलं पाणी उडून पाक झालेला असतो. कुकीला पाक नको. किसलेल्या गुळावर कोमट पाणी ओतायचं, झाकून १५ मिनिटं ठेवायचं, चमच्याने ढवळून गाळून घ्यायचं. गाळणं गरजेचं आहे, नाहीतर दाताखाली कचकच आली की लोक नाचणीला दोष देतात. गूळ कसा आहे याची शंका असेल तर एक चमचा विरघळवून उकळा आणि थेंब स्टीलच्या ताटलीत टाका. गार झाल्यावर नखाने दाबला जात असेल तर ठीक. काचेसारखा तडकला तर तो गूळ तिळाच्या वड्यांसाठी ठेवा.

इथे दूध वापरलं तर काही वेळा गुळाने ते फाटतं. फाटलेल्या दुधाने कुकी बिघडत नाही, पण मिश्रणात पांढऱ्या कण्या दिसतात. मी पाणीच घेते. दुधातली प्रथिनं पावडरीतून येतातच.

निघतानाच कडक, किंवा वातड

कडक आणि वातड यात फरक करा. कडक म्हणजे मोडते. वातड म्हणजे मोडतही नाही, दातांत रबरासारखी ताणली जाते.

निघतानाच कडक असेल तर बहुतेक वेळा ती जास्त भाजली गेलेली असते, आणि त्याचं कारण रंग. मैद्याच्या बिस्किटाला सोनेरी रंग आला की काढायचं, हे आपण शिकलेलो असतो. नाचणीची कुकी ओव्हनमध्ये जातानाच तपकिरी असते. सोनेरी कधी होणार? वाट बघत बसलो की ती वाळून जाते. उलट बाजूने, गूळ आणि दुधाची पावडर दोन्ही तापल्यावर लवकर रंग धरतात. म्हणून १८० अंशांवर वरचा भाग करपट आणि आत गिच्च, अशीही कुकी निघते. १६० हा आकडा त्यासाठी आहे.

रंग बघू नका, वजन बघा. गोळे ठेवलेला ट्रे भाजण्याआधी मोजा आणि भाजून निघाल्यावर लगेच मोजा. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी गेलं. माझ्या ४२ ग्रॅमच्या कुकीचं वजन ३७ च्या आसपास आलं की ती तीन दिवस चांगली राहते. ३४-३५ पर्यंत गेली तर दुसऱ्या दिवशी दगड ठरलेला, कितीही चांगल्या डब्यात ठेवा. ३९ ला काढली तर मधे कच्चट लागते. हे आकडे माझ्या ओव्हनचे आणि माझ्या प्रमाणाचे आहेत, तुमचे दोन-तीन घाण्यांत ठरतील. पण एकदा ठरले की घड्याळाकडे बघायची गरज उरत नाही. काढताना कुकी मऊ लागते, कडा फक्त धरलेल्या असतात आणि मन म्हणतं की अजून दोन मिनिटं. ती दोन मिनिटं देऊ नका. ट्रेवरच १० मिनिटं राहू द्या, तिथे ती आपोआप घट्ट होते.

वातड कुकीचं कारण जवळजवळ नेहमी व्हे प्रोटीनची पावडर. जिममध्ये जाणारं कोणी घरात असलं की हा डबा स्वयंपाकघरात येतोच. दुधातली प्रथिनं मुख्यतः दोन प्रकारची: ढोबळमानाने ८० टक्के केसीन, २० टक्के व्हे. केसीन उष्णता बऱ्यापैकी सोसतं, म्हणून दूध उकळलं तरी पनीर होत नाही. व्हे साधारण ७० अंशांच्या पुढे गुठळी धरायला लागतं, आवळतं आणि पाणी बाहेर टाकतं. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग जास्त उकडल्यावर कसा चामट होतो, तसंच. प्रथिनं त्यात वाया जात नाहीत, ती पचतातच. खाणाऱ्याचे जबडे मात्र दुखतात.

व्हेची आणखी एक फसवणूक आहे. ते पाण्यात पटकन विरघळतं, त्यामुळे मिश्रण चिकट आणि पातळ दिसतं. मग आपण मूठभर पीठ वाढवतो. ओव्हनमध्ये व्हे घट्ट होतं, वाढवलेलं पीठ कोरडं पडतं आणि कुकी दोन्हीकडून जाते. सोयाबीनच्या पिठाचं बरोबर उलटं, ते पाणी पिऊन बसतं आणि मिश्रण ताबडतोब कोरडं दिसतं. व्हे घालायचंच असेल तर एकूण पिठाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि चिकट वाटलं तरी पीठ वाढवायचं नाही. हात ओला करून गोळे करायचे. माझं मत विचाराल तर तो डबा सरळ दुधात ढवळून प्यावा आणि कुकीत साधी दुधाची पावडर घालावी. स्वस्तही पडते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दगड

माझा खरा रोग हाच होता आणि तो सापडायला सर्वांत जास्त रविवार गेले.

मैद्याचं पीठ पाणी दिसलं की पितं. ओट्स, नाचणीतला कोंडा, डाळ्याचं पीठ ही मंडळी पितात मैद्यापेक्षा जास्त, पण सावकाश. मिश्रण कालवल्यावर पाच मिनिटांत आपण हात लावून बघतो आणि ते बरोबर वाटतं. त्या वेळी बरंचसं पाणी मोकळंच असतं, पिठात मुरलेलं नसतं. ते तसंच ओव्हनमध्ये गेलं की मोकळं पाणी वाफ होऊन जातं. पिठाची तहान राहते. पुढचे दोन दिवस डब्यात ते पीठ गुळाभोवती उरलेला ओलावा ओढत बसतं, आणि ओलावा गेलेला गूळ घट्ट होतो. शिवाय शिजलेला स्टार्च थंड पडल्यावर पुन्हा आखडतो, शिळी भाकरी कडक होते ती त्यामुळे. फ्रीजमध्ये हे आखडणं बाहेरच्यापेक्षा जास्त वेगाने होतं. मी कुकीज टिकाव्यात म्हणून फ्रीजमध्ये ठेवत होते, म्हणजे आगीत तेल ओतत होते.

उपाय दोन, आणि दोन्ही ओव्हनच्या आधीचे.

पहिला म्हणजे मुरू देणं. बेकिंग पावडर सोडून सगळं कालवायचं, ताट झाकायचं आणि निदान ४० मिनिटं विसरून जायचं. रात्री कालवून फ्रीजमध्ये ठेवलं आणि सकाळी बेकिंग पावडर मिसळून भाजलं तर आणखी चांगलं. मुरल्यावर मिश्रण नक्की घट्ट झालेलं असेल. तेव्हा, आणि तेव्हाच, पाणी कमी की जास्त ते ठरवायचं आणि एकेक चमचा वाढवायचं.

दुसरा उपाय सांगायला सोपा, करायला अवघड. आपल्या हाताचं ऐकायचं नाही. वीस वर्षं करंज्या, शंकरपाळे, नानकटाई केलेला हात असतो. कडकडीत मोहन घालायचं, पीठ मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे, पीठ घट्ट मळायचं, हे हाताला शिकवावं लागत नाही. मैद्याच्या खुसखुशीत पदार्थाला ते बरोबरच आहे. डाळ्या-नाचणीच्या कुकीला तेच प्रमाण लावलं की दगड. मी शेवटी स्वतःसाठी खूण ठरवली: मिश्रण नानकटाईसारखं वाटत असेल तर पाणी कमी आहे, थालीपिठासारखं वाटत असेल तर बरोबर. म्हणजे ओल्या हाताने थापता आलं पाहिजे, कोरड्या हाताला चिकटलं पाहिजे. पहिल्यांदा ट्रेवर असे सैल गोळे ठेवताना वाटलं की आता यांचं धिरडं होणार. झालं नाही. या मिश्रणात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, नाममात्र आणि साखर-तूप बेताचं, त्यामुळे ते पसरतच नाही. जेवढं थापाल तेवढंच राहतं.

तूप वाढवून हा रोग बरा होत नाही, हेही इथेच सांगून टाकते, कारण बहुतेक जण आधी तेच करतात. मीही केलं, ७० चं ११० ग्रॅम. तूप पाणी नव्हे. त्यात ओलावा जवळजवळ नसतो, ते पिठाची तहान भागवत नाही, उलट पिठाच्या कणांवर थर चढवून पाणी आत जायला अडवतं. कुकी पहिल्या दिवशी ठिसूळ लागली, तिसऱ्या दिवशी ठिसूळ आणि कोरडी. घशात तोठरा बसतो तशी. म्हणूनच कालवताना मी आधी पिठांत गुळाचं पाणी आणि अंडं घालते, दहा मिनिटांनी तूप.

मधाने थोडा फरक पडतो, कारण मध हवेतला ओलावा धरतो. ११० पैकी ३० ग्रॅम गुळाऐवजी मध किंवा काकवी घातली तर कुकी एखादा दिवस जास्त मऊ राहते. त्याहून जास्त मध घातला तर लवकर करपते आणि पावसाळ्यात चिकट होते.

आधीच दगड झालेल्या कुकीज टाकू नका. शिळी भाकरी गरम केली की मऊ पडते तीच युक्ती: पाण्याचा हात लावून मायक्रोवेव्हमध्ये १०-१५ सेकंद, नाहीतर झाकण ठेवून मंद तव्यावर दोन मिनिटं. लगेच खायची. गार झाली की आधीपेक्षा जास्त कडक होते. डब्यात ब्रेडची एक स्लाइस टाकून ठेवली तर रात्रभरात कुकीज ओलावा ओढून घेतात आणि स्लाइस वाळते, हा प्रकारही चालतो.

भुगा होणारी कुकी

डब्यातून कुकी निघत नाही, चमच्याने भुगा खावा लागतो. हे मोठ्या प्रमाणावर अंडं न घालणाऱ्यांकडे होतं. अंड्याऐवजी १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवली की बुळबुळीत जेल होतं, ते चालतं. पूड ताजी हवी. दळून ठेवलेलं जवस लवकर खवट होतं. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: ५० ग्रॅम चक्का. प्रथिनंही वाढतात. चक्का आंबट असल्यामुळे बेकिंग पावडरसोबत अगदी चिमूटभर सोडा चालतो.

शेंगदाण्याचं कूट फार जाडसर असेल तरीही भुगा होतो. खिचडीला लागतं त्याहून बारीक हवं, पण तेल सुटेपर्यंत नको. आणि घरात ग्लुटेनचं पथ्य नसेल तर नाचणीतले २० ग्रॅम काढून कणीक घाला. तेवढ्यानेही बांधणी सुधारते. गरम कुकी उचलून बघण्याची घाई असेल तर मात्र कुठलाच उपाय लागू पडणार नाही.

बूड करपतं, वरून कच्ची

छोट्या ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, खालची कांडी ट्रेच्या फार जवळ असते. ट्रे मधल्या खणात ठेवा, खाली अजून एक रिकामा ट्रे सरकवा. काळ्या ट्रेवर बूड लवकर लागतं, चकचकीत ट्रेवर सावकाश. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती तापलेल्या नसतात. आणखी १० मिनिटं थांबा.

ओव्हनची चकती खोटं बोलते का ते थर्मामीटर न आणताही कळतं. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. चमचाभर साखर ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवून चकती १७५ वर लावा आणि १५ मिनिटांनी बघा. वितळली असेल तर ओव्हन सांगतो त्याहून जास्त तापतोय. मग १९० वर लावा. नाही वितळली तर कमी तापतोय. माझा ओव्हन १७५ ला साखर वितळवत होता. म्हणजे मी १८० समजून कितीतरी महिने बहुधा २०० ला भाजत होते.

एअरफ्रायरमध्ये करायच्या असतील तर २० अंश कमी, आणि कुकी वाळते ती पंख्याने, म्हणून वजन दोन मिनिटं आधीच बघायला लागा.

उग्र वास, साबणाची चव, आणि हिरवी कुकी

डाळ्याऐवजी बेसन घेतलं तर ते लाडवाला भाजतो तसं भाजून घ्यावं लागतं. १५ मिनिटांत मिश्रणातला कच्चट वास जात नाही. डाळं आधीच भाजलेलं असतं, म्हणून मी त्याच्यावर थांबले. सोयाबीनचं कच्चं पीठ तर घालूच नका. वासाचा प्रश्न आहेच, शिवाय कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडवणारे घटक असतात, ते नीट भाजल्याशिवाय निकामी होत नाहीत. प्रथिनं वाढवायची म्हणून घालायचं आणि पोटानेच नाकारायचं, असा व्यवहार.

साबणासारखी तुरट चव आली तर सोडा जास्त झालाय. सोड्याला आंबट काहीतरी लागतं. ते नसेल तर तापल्यावर तो धुण्याच्या सोड्याकडेच वळतो, आणि ती चव कुठल्याही वेलचीने झाकत नाही.

एकदा वरून सूर्यफुलाच्या बिया घातलेल्या कुकीज दुसऱ्या दिवशी आतून हिरव्या निघाल्या. घरात बुरशी म्हणून आरडाओरडा. बुरशी नव्हती. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं, सोड्याच्या संगतीत ते हिरवं होतं. खायला काही अपाय नाही. सोडा कमी करा किंवा भोपळ्याच्या बिया घाला. त्या हिरव्याच असतात, कोणी काही विचारत नाही.

बुरशी

खरी बुरशी मुंबईच्या बाजूला जून ते सप्टेंबर येते, आणि बहुतेक वेळा डबा भरायच्या घाईमुळे. कोमट कुकी डब्यात गेली की झाकणाला आतून घाम येतो. जाळीवर निदान तासभर गार करा. माझ्या प्रमाणाच्या कुकीज कोरड्या दिवसांत बाहेर चार दिवस राहतात, पावसाळ्यात दोनच दिवस. चक्का, केळं किंवा खजुराचा गर घातला असेल तर त्याहूनही कमी. वास बुरशीचा नसून खवट असेल तर शेंगदाणे तपासा. तयार कुटाचं पाकीट उन्हाळ्यात फोडून ठेवलं की महिनाभरात खवटतं, आणि गुळाच्या वासात ते आधी लक्षात येत नाही.

आणि प्रथिनं खरंच किती?

हा बिघाड दिसत नाही म्हणून सगळे सोडून देतात. "प्रोटीन कुकी" म्हणून ज्या पाककृती फिरतात त्यांत पुष्कळदा ओट्स, केळं आणि दोन चमचे पीनट बटर एवढंच असतं. हिशोब मांडा. १०० ग्रॅममागे शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं, डाळ्यात २० च्या आसपास, साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत ३५, ओट्समध्ये १२-१३, तिळात १८, नाचणीत ७, एका अंड्यात ६. माझ्या प्रमाणात सगळी बेरीज ७५ ग्रॅमच्या जवळ जाते. १६ ने भागली की एका कुकीत साडेचार ग्रॅमहून थोडी जास्त. तीन कुकीज आणि कपभर दूध म्हणजे वीस ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज सांगितली आहेत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. त्यातले वीस न्याहारीत गेले तर न्याहारीने आपलं काम केलं.

नाचणीला प्रथिनांसाठी घालू नका, तिचं काम कॅल्शियमचं आहे आणि चवीचं. डाळं-शेंगदाणे आणि धान्य एकत्र असण्याचा मात्र फायदा आहे: प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतलं लायसीन डाळींत भरपूर आणि मेथिओनीन कमी, धान्यांत नेमकं उलटं. वरण-भातात जे होतं तेच.

दुसरी बाजूही सांगते. एका कुकीत जवळजवळ ७ ग्रॅम गूळ आणि साडेचार ग्रॅम तूप आहे. उष्मांक १६० च्या पुढे जातात. न्याहारीला तीन ठीक आहेत. चहासोबत दिवसभर येता-जाता खाल्ल्या तर पौष्टिक म्हणून केलेली नानकटाईच. मी गूळ ८० ग्रॅमपर्यंत उतरवून बघितला. चव चालली, पण ओलावा धरणारं कमी झालं आणि तिसऱ्या दिवशीचा दगड परत आला. तेव्हा २० मिली पाणी वाढवून ५० ग्रॅम चक्का घातला. जमलं, पण त्या कुकीज दोन दिवसांत संपवाव्या लागतात.

आता मी आठवड्याच्या कुकीज भाजतच नाही. रविवारी मिश्रण मुरवून, बेकिंग पावडर घालून आठवड्याचे गोळे थापते, ट्रेवर फ्रीझरमध्ये कडक करते आणि मग डब्यात भरते. रोज रात्री जेवण झाल्यावर लागतील तेवढे सहा-सात काढून थेट १६० अंशांवर भाजायचे. गोठलेले असतात म्हणून तीन-चार मिनिटं जास्त. फ्रीझरमध्ये ते महिनाभर राहतात आणि ताज्या कुकीला दगड व्हायला वेळच मिळत नाही. फक्त डब्यावर ठळक नाव लिहा. आमच्याकडे एका रात्री, मी उशिरा घरी पोचले तोवर, त्यातले पाच गोळे कोफ्ते समजून कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात सोडलेले होते.